थॉमस जेरोमचे वडील

मुलांनो, डोळे मिटायची गरज नाही, उघडे ठेवूनच कल्पना करा. तुम्ही ओहायोमधल्या एका गावात राहता. गावाचं नाव डब्लिन. खरं डब्लिन समुद्रापलीकडे आयर्लंडमध्ये आहे, पण त्याचं इथे कोणाला काही वाटत नाही. उन्हाळ्यात इथे आयरिश जत्रा भरते आणि जत्रेपुरतं सगळं गाव आयरिश होतं. जर्मन आडनावाचे डेंटिस्ट हिरवी टोपी घालतात. आपले पुण्या-नागपूरचे कॉम्प्युटरवाले दिवाळीतले हिरवे कुर्ते इस्त्री करून काढतात आणि फोटो घरच्या ग्रुपवर टाकतात. आता त्या जत्रेत एक तंबू आहे असं समजा. तंबूत एक बाई बसली आहे आणि ती तुम्हाला विचारते आहे, "तुझा पणजोबांचा पणजोबा तूच निवड. एक राजा आहे, किल्ल्यात राहतो. दुसरा बटाटे पिकवतो, तेही दुसऱ्याच्या शेतात, आणि त्याला सही करता येत नाही. कोणता देऊ?"

हात वर करा पाहू. बघा, सगळ्यांनी राजा घेतला. मग बटाटे कोणी पिकवले?

हा प्रश्न घरच्या मोठ्या माणसांना विचारू नका. ते विषय बदलतात.

या डब्लिनमध्ये अनया नावाची मुलगी राहते. सहावीत आहे. तिचे बाबा गिरीश मिशिगनमधल्या नोव्हायमध्ये लहानाचे मोठे झाले, आणि आई मेगन क्लीव्हलंडची, आयरिश घरातली. म्हणजे अनयाला पूर्वजांचे दोन दोन ढीग मिळाले. बाबांच्या बाजूला शशिकांत आजोबा आणि सुनेत्रा आजी. आजोबा मोटारींच्या कंपनीत इंजिनिअर होते. निवृत्त झाल्यावर नोव्हायचं घर विकून ते दोघं नातीजवळ राहायला आले. आईच्या बाजूला रोझमेरी, अनयाची ग्रॅमा. ती एकटी राहते आणि तिचे दोन्ही गुडघे हवामानखात्यापेक्षा आधी पाऊस सांगतात.

या ग्रॅमाला आयर्लंडला जायचं होतं. उन्हाळ्यातच, कारण डॉक्टर म्हणाले होते की या वर्षी जाऊन या, पुढच्या वर्षीचं मी सांगू शकत नाही. तिला किल्ले बघायचे नव्हते. तिला तिच्या आजीचं गाव बघायचं होतं. ग्रॅमाची आई दिवसभर कामावर असायची, म्हणून तिला वाढवलं ते ब्रिजिट नावाच्या आजीने. ही ब्रिजिट तरुणपणी एकटी बोटीत बसून अमेरिकेला आली आणि परत कधीच गेली नाही. गावाचं नावही तिने कधी घेतलं नाही. नुसतं "घरी" म्हणायची. घरी पाणी होतं. घरी पाण्यापलीकडून चर्चची घंटा ऐकू यायची. ग्रॅमा लहान होती, तिने "घर म्हणजे कुठे?" असं विचारलं नाही, आणि विचारावंसं वाटलं तोवर ब्रिजिट गेली होती.

"त्या जागी मला एकदा खुर्ची टाकून बसायचं आहे," ग्रॅमा म्हणाली. रविवारचं जेवण चाललं होतं. "घंटा वाजली नाही तरी चालेल."

शशिकांत आजोबांनी चमचा खाली ठेवला.

"रोझमेरी, हे तुम्ही माझ्यावर सोडा," ते म्हणाले.

सुनेत्रा आजी मराठीत पुटपुटली, "गेली बिचारी."

तर आजोबांचं असं आहे. त्यांच्या घराण्याचा एक कुलवृत्तांत आहे. म्हणजे जाडजूड पुस्तक, ज्यात घराण्यातल्या सगळ्या पुरुषांची नावं मूळपुरुषापासून आजपर्यंत ओळीने लावलेली असतात. आजोबा त्याच्या उत्तर अमेरिका समितीचे अध्यक्ष. समितीत अध्यक्ष सोडून आणखी कोण आहे, ते आजवर कळलेलं नाही. मूळपुरुष पेशव्यांकडे सरदार होते असं आजोबा सांगतात. आजीचं म्हणणं, ते मुदपाकखान्यात होते आणि साखरेच्या पोत्यांवर लक्ष ठेवायचे. पुस्तकात नुसतं "पेशव्यांच्या सेवेत" असं लिहिलं आहे, त्यामुळे भांडण दोघांनाही पुरतं.

गावातल्या लायब्ररीत तेव्हा दर शनिवारी सकाळी एक वर्ग सुरू झाला होता. आपलं आयरिश घराणं कसं शोधायचं, ते तिथे शिकवायचे. शिकवायच्या मिसेस ब्रेनन, शाळेतून निवृत्त झालेल्या इतिहासाच्या बाई. ग्रॅमा, अनया आणि आजोबा तिघंही जाऊ लागले. शिवाय ग्रॅमाचा मुलगा केविन, अनयाचा मामा. केविनमामाच्या गॅरेजमध्ये एक ढाल टांगलेली आहे. तिच्यावर सिंह, हात आणि आणखी काहीतरी बदकासारखं आहे. ढाल त्याने जत्रेतून आणली. आपल्या घराण्याचं ते चिन्ह आहे आणि आपण राजाचे वंशज आहोत, असं त्याचं म्हणणं.

पहिल्याच दिवशी त्याने हात वर केला. "आमचा राजा कुठल्या वेबसाइटवर मिळेल?"

मिसेस ब्रेनन खूप वर्षं शाळेत शिकवत होत्या, त्यामुळे त्यांना राग येत नाही. त्या म्हणाल्या, "अशी ढाल एका माणसाला मिळायची, केविन. आडनावाला नाही. तुमच्या आडनावाच्या हजार माणसांत एकाकडे ढाल असेल आणि बाकीचे त्याच्या घोड्याची लीद काढत असतील."

"मग आम्ही तो एक," मामा म्हणाला.

"हो ना, सगळे तेच म्हणतात. लीद काढणाऱ्यांना पोरंच झाली नसावीत."

मग त्यांनी शिकवायला सुरुवात केली, आणि अनयाने मनात पक्कं करून ठेवलं. तुम्हीही ठेवा, उपयोगी पडेल. सुरुवात स्वतःपासून करायची आणि एक एक पायरी मागे जायचं. मी, माझी आई, तिची आई. वरून खाली यायचं नाही, कारण वरून निघणारा माणूस नेहमी राजापासूनच निघतो. प्रत्येक पायरीला पुरावा हवा. नाव जुळलं म्हणजे माणूस जुळला असं नाही, कारण आयर्लंडमध्ये एकेका गल्लीत चार-चार थॉमस असत. आणि बाप्तिस्मा, म्हणजे बाळाला चर्चमध्ये नेऊन नाव देतात तो विधी, त्याची चर्चमधली नोंद सगळ्यात मोलाची. तिच्यात आईचं माहेरचं आडनाव असतं.

"जुन्या जनगणनेतून नाही का कळणार?" कोणीतरी विचारलं.

"आयर्लंडमधल्या डब्लिनचं सरकारी दफ्तर १९२२ साली लढाईत जळलं. जुन्या जनगणना बहुतेक त्यातच गेल्या."

आजोबा पुढे झुकले. "म्हणजे एखादी गोष्ट सिद्ध करायला पुरावा नाही?"

"बऱ्याचदा नाही."

"म्हणजे ती खोटी ठरवायलाही नाही," आजोबा म्हणाले आणि समाधानाने मागे टेकून बसले.

त्यानंतर वर्गात ते फारसं ऐकत नसत. घरी दोन स्क्रीन लावून शोधत असत. आणि त्यांना सापडलं.

रविवारी पुन्हा सगळे जेवायला जमले तेव्हा आजोबांनी टीव्हीवर एका मोठ्या दगडी घराचं चित्र लावलं. पुढे हिरवळ, दाराशी खांब.

"रोझमेरी, तुमचे आजोबा, म्हणजे ब्रिजिटचे यजमान, त्यांचं पूर्ण नाव काय? थॉमस जेरोम हॅनलन. आता मी शशिकांत मनोहर. माझे वडील मनोहर. गिरीश शशिकांत, त्याचा बाप मी. तर थॉमस जेरोमचे वडील कोण? जेरोम. इतकं साधं आहे. मग मी जेरोम हॅनलन शोधला. कॉर्क काउंटीत सापडला, आणि त्याला थॉमस नावाचा मुलगा आहे. हे त्याचं घर. घोडे होते, नोकर होते. आता तिथे हॉटेल आहे आणि आपल्या सगळ्यांच्या खोल्या मी बुक केल्या आहेत."

केविनमामा उठून टीव्हीजवळ गेला आणि खांबांवर हात फिरवू लागला. "मला माहीत होतं," तो म्हणाला. "माझ्या चालण्यातच ते आहे."

"गॅरेजपर्यंतच्या?" मेगनने विचारलं.

ग्रॅमा चित्राकडे बराच वेळ बघत होती. "फारच छान आहे, शशी. इतके कष्ट घेतलेत तुम्ही." मग म्हणाली, "ब्रिजिटचं घरही तिथेच?"

"अर्थात. बाईचं लग्न झालं की नवऱ्याचं गाव तेच तिचं गाव."

अनया मधेच म्हणाली, "बट आजोबा, त्यांचं लग्न तर क्लीव्हलंडमध्ये झालं. मग तिचं गाव क्लीव्हलंड?"

"तू भात संपव."

"पाणी कुठे आहे?" ग्रॅमाने विचारलं.

आजोबांनी चित्र पुढे-मागे केलं. "पाणी... स्विमिंग पूल आहे ना. हीटेड आहे. पूर्वी तळं असणार, त्याच जागी पूल बांधला असणार."

ग्रॅमाने मान हलवली. ती भिडस्त आहे, आणि तिला वाटतं की इंजिनिअर माणसं चुकत नाहीत, नाहीतर नद्यांवरचे पूल पडले असते. पण तिने पुढे घंटेचं काही विचारलं नाही, हे अनयाच्या लक्षात आलं.

त्या आठवड्यात अनया ग्रॅमाकडे गेली होती. प्रवासाची तयारी चालली होती आणि टेबलावर पासपोर्ट पडला होता. अनयाने उघडून फोटोला हसून घेतलं आणि मग नाव वाचलं. रोझमेरी अ‍ॅग्नेस.

"ग्रॅमा, तुझ्या बाबांचं नाव अ‍ॅग्नेस होतं?"

ग्रॅमा इतकी हसली की तिला चष्मा काढून ठेवावा लागला. "माझे बाबा फ्रँक, बाळा. अ‍ॅग्नेस ही संत होती. आमच्यात मुलं तुझ्याएवढी झाली की चर्चमध्ये एका संताचं नाव घेतात. मी तिचं घेतलं, कारण तिच्या चित्रात कोकरू होतं."

"आणि थॉमस जेरोममधलं जेरोम?"

"तोही संतच. त्याच्या चित्रात सिंह असतो. मुलगे झुंबड करून जेरोम घ्यायचे."

अनया हसली नाही. मधलं नाव बापाचं, हे तिच्या आजोबांच्या घरात खरं होतं. ग्रॅमाच्या घरात ते कोकराचं किंवा सिंहाचं होतं. म्हणजे कॉर्कचा जेरोम हा थॉमसचा कोणीच नव्हता. म्हणजे ग्रॅमा दुखरे गुडघे घेऊन समुद्र ओलांडणार, आणि कोण्या परक्या माणसाच्या पोहण्याच्या तलावाशी खुर्ची टाकून बसणार.

तिने ग्रॅमाला काही सांगितलं नाही. आधी आजोबांकडे गेली. ते एका लांबलचक कागदाच्या गुंडाळीवर वंशवृक्ष छापून घेऊन आले होते. वर सोनेरी अक्षरात जेरोम, त्याच्या खाली थॉमस, त्याच्या खाली फ्रँक. सगळे पुरुष जाड अक्षरात. ब्रिजिट एका कोपऱ्यात बारीक अक्षरात होती, आडनावाशिवाय. तिच्यापुढे "पत्नी" असं लिहिलं होतं.

अनयाने अ‍ॅग्नेसची गोष्ट सांगितली. आजोबांनी ऐकून घेतली.

"बायकांचं वेगळं असेल," ते म्हणाले.

"जेरोम पण सेंटच आहे, आजोबा. वडिलांचं नाव नसतंच त्यांच्यात."

"शंभरातल्या एखाद्याच्या बापाचं नाव जेरोम असूच शकतं."

"पण पुरावा?"

"अनया," आजोबांचा आवाज मऊ झाला. मोठ्या माणसांचा आवाज असा मऊ झाला की सावध व्हावं. "ग्रॅमा खूश आहे की नाही? केविन खूश आहे. मी हे सगळ्यांना फॉरवर्ड केलं आहे, थेट ठाण्यापर्यंत. तुझ्या ग्रॅमाला सुंदर हिरवळ दिसेल, चांगलं जेवण मिळेल. ते गाव हे की ते, तिला कुठे कळणार आहे?"

आजोबांनीच अनयाला मराठी वाचायला शिकवलं होतं, सायकलही त्यांनीच. ते चुकतात हे तिला माहीत होतं. पण चुकलेलं कळूनही ते पुढे चालतात, हे तिला आज कळलं.

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला होता. सुनेत्रा आजी दारात उभी होती.

"पुढे काय करायचं म्हणतात तुझ्या त्या ब्रेननबाई?" तिने विचारलं.

अनयाने बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "माणूस सापडत नसेल तर त्याच्या शेजारी कोण उभं आहे ते बघ. बाळाला नाव देताना शेजारी कोण उभं होतं? परक्या देशात बाई ओळखीपाळखीच्यांना उभं करत नाही. बहीण-भावंडांना करते."

फ्रँक, म्हणजे ग्रॅमाचे वडील, क्लीव्हलंडमध्येच जन्मले होते. त्या चर्चच्या नोंदीत बाळाची आई होती ब्रिजिट फीनी, आणि शेजारी उभी होती कॅथरीन गॅलघर. अनया तासभर त्या दोन नावांकडे बघत बसली. फीनी हे ब्रिजिटचं माहेरचं आडनाव घरात कोणालाच माहीत नव्हतं. कारण कोणी शोधलंच नव्हतं. आणि ही कॅथरीन कोण? क्लीव्हलंडच्या कॅथलिक दफनभूमीत या नावाचा एक दगड आहे, इतकं तिला कळलं. त्याचा फोटो नव्हता.

शुक्रवारी सकाळी आजीने गाडीची किल्ली घेतली.

"कुठे निघालात?" आजोबा.

"सेलला."

"कसला सेल?"

"जुन्या बायकांचा," आजी म्हणाली आणि अनयाला घेऊन गाडी काढली.

हायवेवर मक्याची शेतं लागली. अनया म्हणाली, "आजी, आजोबांच्या बुकमध्ये तुझं माहेरचं नाव आहे?"

"आडनाव आहे. नाव नाही."

"म्हणजे?"

"मी अहिल्या होते. लग्नात माझं नाव बदललं. ताटात तांदूळ पसरतात आणि अंगठीने त्यात नवं नाव लिहितात. सुनेत्रा लिहिलं, झाले सुनेत्रा."

अनया वळून तिच्याकडे बघत राहिली. "दे जस्ट चेंज्ड इट? त्यांनी विचारलं नाही?"

"विचारलं ना. तुझ्या आजोबांना."

आजीने एक ट्रक मागे टाकला. मग आजी म्हणाली, "शंभर वर्षांनी तुझ्यासारखी एखादी मला शोधायला निघाली, तर सुनेत्राचा जन्म, शाळा, काही म्हणजे काही सापडायचं नाही तिला. म्हणेल, ही बाई मांडवातच उगवली का काय? तू सीटबेल्ट नीट लाव."

दफनभूमीत त्यांना दगड शोधायला बराच वेळ लागला. करडा दगड होता, शेवाळ धरलेला. आजी पर्समधून घासणी काढायला निघाली तेव्हा अनयाने तिला थांबवलं. घासायचं नाही, खडूही फासायचा नाही, दगड खराब होतो. नुसतं पाणी ओतायचं आणि मऊ ब्रश फिरवायचा, हे वर्गात सांगितलं होतं. तिने बाटली उपडी केली. पाणी खाचांत उतरलं आणि अक्षरं काळी होऊन वर आली.

कॅथरीन, मायकल गॅलघर यांची पत्नी. माहेरची फीनी. ड्रमकील, मेयो काउंटी, आयर्लंड येथील.

परदेशात मेलेले आयरिश लोक बऱ्याचदा दगडावर गाव कोरून घेत. ज्यांना परत जाता येत नसे, त्यांचं तेवढंच परत जाणं.

आजीने ते दोनदा वाचलं. "बरं झालं बाई," ती दगडाला म्हणाली, "मेल्यावर तरी माहेर लिहून घेतलंस."

घरी येताना अनयाने फोनवर ड्रमकीलच्या चर्चच्या जुन्या नोंदी उघडल्या. त्या कोणालाही फुकट बघता येतात, फक्त अक्षर कोंबडीच्या पायासारखं असतं. तिने गावाच्या पानांवरून बोट फिरवत नेलं. फीनींच्या घरी कॅथरीन. मग एक मुलगा. मग ब्रिजिट. आईबाप तिघांचे तेच. नकाशात ड्रमकीलच्या एका अंगाला तळं होतं, चांगलं मोठं, आणि पलीकडच्या काठावर चर्च. कॉर्क मात्र देशाच्या पार तळाला. मध्ये जवळजवळ सगळं आयर्लंड.

"उद्या वर्गाचा शेवटचा दिवस," अनया म्हणाली. "आजोबा ते चार्ट दाखवणार आहेत. पुढच्या आठवड्यात फ्लाइट आहे. आजी, तू सांग ना त्यांना."

"मी सांगितलं तर ते नवरा-बायकोचं भांडण होईल, आणि त्यात ते नेहमी जिंकतात, कारण मी झोपायला जाते. शोध तुझा आहे."

संध्याकाळी अनयाने दगडाचा फोटो छापून आजोबांच्या चहाशेजारी ठेवला. त्यांनी चष्मा वर करून पाहिला. "गॅलघर? हे आपल्यातले नाहीत," ते म्हणाले आणि कप त्या फोटोवर ठेवला.

शनिवारी लायब्ररीची खोली भरली होती. प्रत्येकाने आपापलं घराणं भिंतीला लावलं होतं. त्या दिवशी त्या खोलीत तीन राजे, एक संत आणि दोन समुद्री चाचे होते. बटाटे पिकवणारं कोणीच नव्हतं. केविनमामा ढाल घेऊन आला होता. ग्रॅमा पहिल्या रांगेत बसली होती, जत्रेत घालते तो हिरवा स्वेटर घालून, मांडीवर दोन्ही हात ठेवून.

आजोबांचा वृक्ष सगळ्यात लांब. दोन टोकांना चिकटपट्टी लावूनही तो गुंडाळला जात होता, म्हणून ते स्वतः एका बाजूला हाताने दाबून उभे राहिले आणि बोलू लागले. जेरोमचे घोडे सांगून झाले. नोकर सांगून झाले. मिसेस ब्रेनन मागे भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी एकदा तोंड उघडलं, अनयाकडे पाहिलं आणि पुन्हा मिटलं.

"आणि हे सगळं," आजोबा म्हणाले, "आमच्या विहीणबाईंसाठी. पुढच्या आठवड्यात त्या आपल्या पूर्वजांच्या दारात उभ्या असतील." लोकांनी टाळ्या वाजवल्या. आजोबांनी समितीच्या सवयीने विचारलं, "कोणाला काही शंका?"

अनयाने हात वर केला आणि ती उभी राहिली.

"अनया, आपण घरी बोलू," आजोबा मराठीत म्हणाले.

"घरी बोलले ना मी, आजोबा."

"बस खाली. लोक बघताहेत."

त्यांचं मराठी बोलणं खोलीत आजोबा, मागे बसलेली आजी आणि अनया यांच्याशिवाय कोणाला कळत नव्हतं, पण आवाज सगळ्यांना कळला. केविनमामाने ढाल खाली टेकवली. आजोबांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. अनयाला ते दिसलं, आणि तिला क्षणभर खरंच बसावंसं वाटलं. बसली असती तर कोणी काही म्हणालं नसतं. सगळे कॉफी प्यायला गेले असते. ग्रॅमा कॉर्कला गेली असती आणि परत येऊन "फारच छान होतं" असं म्हणाली असती.

ग्रॅमा मागे वळून बघत होती. "काय आहे, बाळा?"

अनया तिच्याकडे गेली आणि तिने कपाचा गोल डाग पडलेला फोटो तिच्या मांडीवर ठेवला. ग्रॅमाने तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला.

"कॅथरीन... माहेरची फीनी..." ती हळू वाचत होती. "ही कॅटी? ब्रिजिट कॅटीबद्दल बोलायची. कॅटीने माझे बूट नेले, कॅटी तळ्यात पडली. मला वाटायचं, मैत्रीण असेल."

"बहीण होती. ब्रिजिट पण फीनीच," अनया म्हणाली. "तळं अजून आहे, ग्रॅमा. चर्च पलीकडे आहे."

ग्रॅमाने तोंडावर हात ठेवला.

"पुरावा?" आजोबांनी विचारलं. आवाज समितीचाच होता, पण जरा बारीक झाला होता. "एका दगडावरून काय सिद्ध होतं?"

मग अनयाने काय केलं माहीत आहे? ती पुढे गेली. तिने वृक्षाच्या चिकटपट्ट्या सोडवल्या आणि तो सगळा लांबलचक कागद पालथा केला. मागची बाजू कोरी होती. कागद लगेच गुंडाळायला लागला.

"आजोबा, हे टोक घट्ट धरा," ती म्हणाली, आणि मार्कर उघडून तिने अगदी तळाशी स्वतःचं नाव लिहिलं, त्याच्यावर आईचं, त्याच्यावर ग्रॅमाचं, त्याच्यावर फ्रँकचं, आणि वर ब्रिजिट फीनीच्या रेघेला हात पोचेना, म्हणून खुर्ची ओढून तिच्यावर चढली.